वॉशिंग मशीन लावलं की ब्रेकर पडतो: कोणता पडतो आणि केव्हा पडतो, ते आधी पाहा

तुमची तक्रार मी समजून घेतली ती अशी. पुढून दार असलेलं वॉशिंग मशीन आहे. सुरू केलं की पाणी भरतं, ड्रम फिरायला लागतो आणि दहा-पंधरा मिनिटांत डीबीतला, म्हणजे घरातल्या ब्रेकरांच्या पेटीतला, ब्रेकर पडतो. थंड पाण्याचा छोटा प्रोग्रॅम लावला तर तो बहुतेक वेळा पूर्ण होतो. अधूनमधून मशीन बंद असतानाही ब्रेकर पडलेला दिसतो. पाहायला आलेल्या कारागिराने एमसीबी बदलून दिला, पण फरक पडला नाही. आता एकाने ३२ अँपिअरचा एमसीबी टाका म्हणून सांगितलंय, तर दुसऱ्याने प्लगची अर्थिंगची पिन काढून पाहा म्हणून.

या दोन्हींपैकी काहीही करू नका. अर्थिंगची पिन तर अजिबात काढू नका, त्याचं कारण पुढे सांगतो. आणि खरा दोष सापडेपर्यंत मशीनचा प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढून ठेवा. भिंतीवरचं बटण बंद करणं इथे पुरेसं नाही.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरूनच दोषाचा पत्ता बराचसा लागतो. ब्रेकर उगाच पडत नाही. कोणता ब्रेकर पडला आणि मशीन त्या क्षणी काय करत होतं, या दोन गोष्टी नीट पाहिल्या तर पेचकस हातात घेण्याआधीच निम्मं काम होतं. दुर्दैवाने हेच कुणी पाहत नाही, आणि सरळ पार्ट बदलायला सुरुवात होते.

कोणता पडतो?

डीबी उघडून बघा. एमसीबी अरुंद असतो आणि त्यावर बी १६, सी २० असं काहीतरी छापलेलं असतं. दुसरा जरा रुंद, ज्यावर टी किंवा टेस्ट असं लिहिलेलं छोटं बटण असतं आणि ३० मिलीअँपिअर असा आकडा असतो, तो आरसीसीबी. बोलताना बहुतेक लोक त्याला अजूनही ईएलसीबी म्हणतात. काही घरांत दोन्ही कामं करणारा एकच ब्रेकर असतो, त्यावरही टेस्टचं बटण असतं.

दोघांची कामं अगदी वेगळी आहेत. एमसीबी फक्त करंट किती वाहतोय ते बघतो. त्याच्या आत दोन यंत्रणा असतात. एक द्विधातूची पट्टी. ती जास्त करंटने हळूहळू तापून वाकते आणि काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी ब्रेकर पाडते. दुसरी विद्युतचुंबकाची, जी शॉर्ट झाल्यावर डोळ्याचं पातं लवायच्या आत काम करते. आरसीसीबीला किती करंट वाहतोय याच्याशी देणंघेणं नसतं. फेजमधून जेवढा गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का, एवढाच जमाखर्च तो मांडत असतो. रक्कम जुळली नाही, म्हणजे काही करंट तिसऱ्या वाटेने जमिनीत गेला, की तो पडतो. ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीने ३० ला पडलंच पाहिजे आणि १५ च्या आत पडता कामा नये. मधल्या पट्ट्यात तो पडेलही किंवा नाहीही. "कधी पडतो, कधी नाही" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा याच पट्ट्यात असतं.

तुम्ही कोणता ब्रेकर पडतो ते लिहिलेलं नाही, पण वर्णनावरून माझी जवळजवळ खात्री आहे की तो आरसीसीबी आहे. मशीन बंद असताना एमसीबी पडायला कारणच नाही, करंटच वाहत नसतो. आणि तसं असेल तर एमसीबी बदलून फरक पडला नाही यात नवल काहीच नाही, दोषी नसलेला माणूस बदलला गेला.

केव्हा पडतो?

वॉशिंग मशीन हे निदानाच्या दृष्टीने फार सोयीचं यंत्र आहे, कारण ते एकामागून एक भाग चालू करतं. त्यामुळे मशीनसमोर खुर्ची टाकून बसा आणि कुठल्या टप्प्यावर पडतो ते लिहून ठेवा. बटण दाबताक्षणी पडला तर संशय वायर, प्लग, आतला विजेचा फिल्टर किंवा दाराच्या लॉकवर. पाणी भरायला लागल्यावर पडला तर पाण्याच्या व्हॉल्व्हची कॉइल. पाणी सोडताना पडला तर ड्रेन पंप, आणि तिथे पंपाच्या सीलमधून पाणी गळून वाइंडिंगपर्यंत पोचलेलं बरेचदा दिसतं. जोरात पिळताना पडला तर दोन शक्यता जास्त. कार्बन ब्रशची मोटर असेल तर ब्रश झिजून पडलेली काळी भुकटी मोटरच्या आत साचते आणि ती वीज वाहून नेते. नाहीतर आतली एखादी वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलवटलेली असते आणि मशीन हादरलं की ती पत्र्याला टेकते.

आणि पाणी भरून, ड्रम काही वेळ फिरून, मग पडला तर हीटर. पाणी पुरेसं भरल्याशिवाय आणि कपडे भिजल्याशिवाय मशीन हीटर लावत नाही. थंड पाण्याच्या प्रोग्रॅममध्ये तो लागतच नाही. तुमची दोन्ही लक्षणं इथे जुळतात.

हीटर बिघडतो म्हणजे काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण गीझर, ओव्हन, पाण्याची किटली, इस्त्री, डिशवॉशर या सगळ्यांत थोड्याफार फरकाने हाच भाग असतो. बाहेरून दिसते ती धातूची नळी. तिच्या मधोमध नायक्रोमच्या तारेचं वेटोळं असतं, आणि तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर ठासून भरलेली असते. ही पावडर उष्णता जाऊ देते पण वीज अडवते. मात्र तिला ओलावा फार लवकर लागतो. नळीच्या तोंडाचं सील सैल झालं, किंवा क्षाराचे थर बसून नळी जागोजागी जास्त तापली आणि तिला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, की पाणी आत शिरतं आणि तारेतून नळीकडे, नळीतून मशीनच्या बॉडीकडे, बॉडीतून अर्थिंगच्या वायरकडे करंट झिरपायला लागतो.

किती झिरपायला लागतो? २३० व्होल्टला ३० मिलीअँपिअर वाहायला वाटेतला रोध साधारण ७,७०० ओहम लागतो. तुलनेसाठी, २,००० वॉटच्या हीटरच्या तारेचा स्वतःचा रोध सुमारे २६ ओहम असतो आणि तो जवळपास ८.७ अँपिअर घेतो. म्हणजे हीटर पाणी व्यवस्थित तापवत असतो आणि त्याच वेळी आरसीसीबी पाडण्याइतकी गळतीही करत असतो. "हीटर चालतोय की, मग तो खराब कसा?" असं मला पुष्कळ जण विचारतात. उत्तर हेच की तापवणं आणि गळणं एकाच हीटरमध्ये सुखाने नांदतं.

मशीन बंद असताना का पडतो?

हे लक्षण तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. बहुतेक लोक याला योगायोग समजतात किंवा मग आरसीसीबीच खराब ठरवतात.

भिंतीवरचं बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रलची वायर मशीनला जोडलेलीच राहते. मशीनच्या आत हीटर लावणारा रिले, म्हणजे बोर्डाच्या हुकमावर चालणारा स्विच, हाही अनेकदा एकच बाजू तोडतो. त्यामुळे बटण बंद असलं तरी हीटरची तार न्यूट्रलला टांगलेली असू शकते. आता हीटर आतून फुटून बॉडीला टेकला असेल, तर न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात एक वाट तयार होते. घरात दुसरं मोठं उपकरण चालू असलं की न्यूट्रलवर अर्थिंगच्या तुलनेत एखाद-दोन व्होल्ट दिसतात, हे अगदी स्वाभाविक आहे. समजा २ व्होल्ट आहेत आणि ती वाट एकूण ५० ओहमची आहे. ४० मिलीअँपिअर अर्थिंगकडे वळले, आरसीसीबी पडला. दोष वॉशिंग मशीनचा, आणि पडण्याचं निमित्त मात्र दुसऱ्याच खोलीत कुणीतरी लावलेल्या इस्त्रीचं. पडला त्या वेळी घरात काय चालू झालं होतं, ते आठवून पाहा.

यातून आणखी एक गोष्ट कळते. फेजच्या बाजूने साडेसात हजार ओहमची बारीक गळती पुरते, पण न्यूट्रलच्या बाजूने पडायला वाट पन्नास-साठ ओहमचीच असावी लागते. म्हणजे तुमच्या मशीनमधली इजा किरकोळ ओलाव्याची राहिलेली नाही. वाळवून, पुसून हे बरं होण्यातलं नाही.

एक अपवाद लक्षात असू द्या. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज मशीनपर्यंत तसाच राहतो. तेव्हाही बंद मशीन आरसीसीबी पाडू शकतं, आणि ही स्थिती जास्त धोक्याची आहे. वायरमन आला की सॉकेटची जोडणी आधी तपासायला सांगा.

खात्री कशी करायची

पहिली पायरी कुणालाही जमेल. मशीनचा प्लग काढा, आरसीसीबी वर करा आणि एक-दोन दिवस घर नेहमीसारखं वापरा. एकदाही पडला नाही, तर घराचं वायरिंग बहुधा ठीक आहे. मग मशीन दुसऱ्या एखाद्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर, एक्स्टेंशन बोर्ड न वापरता, लावून तोच गरम पाण्याचा प्रोग्रॅम चालवा. तिथेही त्याच टप्प्यावर पडला तर दोष मशीनमध्येच. तिथे पडला नाही तर आनंद मानण्याआधी त्या सॉकेटच्या सर्किटवर आरसीसीबी आहे का आणि अर्थिंग खरोखर जोडलेलं आहे का, हे पाहा. अर्थिंगच नसेल तर करंटला जायला वाट नसते, ब्रेकर शांत बसतो आणि मशीनच्या बॉडीत मात्र करंट उतरतो.

अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला इतका वाईट आहे तो याचसाठी. पिन काढली की ब्रेकर पडायचा थांबतो, आणि उपाय लागू पडला असं वाटतं. प्रत्यक्षात गळणारा करंट तिथेच वाट बघत असतो. ओल्या हाताने, ओल्या फरशीवर उभं राहून जो कुणी दाराला हात लावेल, तो अर्थिंगची वायर बनतो. तेव्हा आरसीसीबी पडेल कदाचित, पण एक लक्षात घ्या, तो शॉक बसण्याचा वेळ कमी करतो, शॉकचा जोर कमी करत नाही. घरात लहान मूल किंवा हृदयाचा आजार असलेलं माणूस असेल तर हा जुगार खेळण्याचं धाडस कुणी करू नये.

दुसरी पायरी मशीन उघडण्याची आहे. ज्याला या कामाची सवय आहे त्यानेच ती करावी. प्लग काढल्यानंतरही काही मिनिटं थांबा. इन्व्हर्टर मोटरच्या (जिचा वेग इलेक्ट्रॉनिक बोर्ड ठरवतो) मशीनमध्ये बोर्डावरच्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी काही काळ टिकून राहतो. हीटर बहुतेक मशीनमध्ये टबच्या तळाशी, मागून किंवा पुढून दिसतो. त्याच्या दोन्ही वायरी काढून मल्टीमीटरने टर्मिनल ते टर्मिनल मोजा, साधारण २५ ते ३० ओहम यायला हवेत. मग एक टर्मिनल आणि हीटरची धातूची बॉडी यांच्यामध्ये मोजा. इथे मीटरने वाट नाही असंच दाखवायला हवं. काही किलोओहम किंवा त्याहून कमी दिसलं तर निकाल लागला.

पण मल्टीमीटरने काही दाखवलं नाही म्हणून हीटर निर्दोष ठरत नाही. मल्टीमीटर आतल्या बॅटरीच्या काही व्होल्टवर मोजतो, आणि कमजोर इन्सुलेशन त्याला फसवतं. २३० व्होल्ट लागले की तेच इन्सुलेशन हार खातं. यासाठी मेगर लागतो, जो ५०० व्होल्ट डीसी लावून मोजतो. चांगल्या हीटरला अनेक मेगाओहम येतात. १ मेगाओहमच्या खाली आला की मी तो हीटर परत बसवत नाही. ज्याच्याकडे मेगर नाही त्या कारागिराने लीकेजचं, म्हणजे गळतीचं, निदान करणं म्हणजे अंदाजावर पार्ट बदलणं. त्यामुळे बोलावतानाच विचारा, "मेगर आणणार का?"

मेगर लावताना बोर्ड आणि फिल्टर वेगळे करूनच एकेक भाग तपासायचा, हेही त्याला ठाऊक असायला हवं. पूर्ण मशीनवर ५०० व्होल्ट लावले तर इलेक्ट्रॉनिक्सचं नुकसान होऊ शकतं किंवा आकडा चुकीचा येतो.

मेगर मिळतच नसेल तर एक खात्रीची पद्धत आहे. हीटरच्या दोन्ही वायरी काढून प्रत्येकीचं टोक वेगवेगळं नीट इन्सुलेट करायचं, झाकण परत लावायचं आणि गरम पाण्याचा प्रोग्रॅम चालवायचा. मशीन पाणी तापत नाही म्हणून नंतर एरर दाखवेल, ते दाखवू दे. ब्रेकर पडला नाही तर गुन्हेगार हीटरच. एकाच बाजूची वायर काढून ही चाचणी करू नका, गळती दुसऱ्या टोकाकडूनही होऊ शकते.

हीटर निर्दोष निघाला तर

मग वर सांगितलेल्या टप्प्यांप्रमाणे मोटर, पंप, व्हॉल्व्ह यांना मेगर लावायचा. मोटरमध्ये कार्बनची भुकटी असेल तर ती ब्रशने आणि हवेने साफ करून ब्रश बदलले की काम भागतं. पण ती ओली असेल तर पाणी कुठून आलं ते शोधल्याशिवाय थांबायचं नाही. टबच्या बेअरिंगचं सील गेलेलं असेल तर नवीन मोटरही काही महिन्यांत त्याच वाटेने जाईल.

वायर जिथून आत येते तिथला फिल्टर हा एक दुर्लक्षित भाग. त्यातले छोटे कपॅसिटर मुद्दामच थोडा करंट अर्थिंगकडे सोडतात, निरोगी अवस्थेतही साधारण अर्धा ते साडेतीन मिलीअँपिअर. एका मशीनचा हा करंट काहीच नाही. पण एकाच आरसीसीबीवर वॉशिंग मशीन, फ्रिज, संगणक, एसी, मायक्रोवेव्ह असं सगळं असेल तर ही बेरीज वाढत जाते. ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवर ही कायमची गळती ९ च्या आत ठेवावी असा नियम पाळला जातो. ती १४-१५ पर्यंत पोचली की एखादं निरोगी उपकरण लावलं तरी ब्रेकर पडतो आणि आळ त्या शेवटच्या उपकरणावर येतो. लीकेज मोजणारा क्लॅम्प मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींभोवती एकत्र लावला की हे एका मिनिटात दिसतं. इथे उपाय म्हणजे सर्किट वाटून दोन-तीन आरसीसीबींवर टाकणं. ३० च्या जागी १०० मिलीअँपिअरचा बसवणं नव्हे. १०० चा आरसीसीबी आगीपासून बचावासाठी असतो, माणसाला वाचवायला तो पुरत नाही.

इन्व्हर्टर मोटरचं मशीन असेल तर आरसीसीबी ए टाइपचा आहे का तेही पाहा. जुने एसी टाइपचे या मशीनमधून येणारी तुटक डीसी गळती नीट ओळखत नाहीत, आणि गरज असताना न पडण्याचा धोका राहतो.

आणि पडणारा खरोखर एमसीबी असेल तर

माझा अंदाज चुकीचा निघून एमसीबीच पडत असेल, तर वेगळा विचार करावा लागेल. लावताक्षणी फट् करून पडत असेल तर शॉर्ट आहे. पुन्हा पुन्हा वर करू नका, प्रत्येक शॉर्टमध्ये ब्रेकरचे आतले कॉन्टॅक्ट थोडे जळतात. काही मिनिटांनी पडत असेल तर एकतर त्याच सर्किटवर दुसरं मोठं उपकरण आहे, किंवा एमसीबीचा स्क्रू ढिला आहे. ढिल्या स्क्रूजवळ वायर तापते, ती उष्णता आतल्या पट्टीपर्यंत पोचते आणि करंट मर्यादेत असतानाही ब्रेकर पडतो. वायरचं टोक काळवंडलेलं किंवा प्लास्टिक पिवळट झालेलं दिसलं की हेच समजा. मेन स्विच बंद करून वायरमनकडून टोक कापून नव्याने कसून घ्या. सॉकेटच्या मागची टोकंही त्याच वेळी पाहायला सांगा.

फ्रिज, एसी, पाण्याचा पंप यांसारखं मोटरचं उपकरण सुरू होतानाच पडत असेल आणि एमसीबीवर बी लिहिलेलं असेल, तर त्याच अँपिअरचा सी टाइप बसवणं योग्य ठरू शकतं. बी टाइप आपल्या आकड्याच्या ३ ते ५ पट करंटला तात्काळ पडतो, सी टाइप ५ ते १० पटीला, आणि सुरू होताना मोटर क्षणभर बी टाइपला पाडण्याइतका करंट घेऊ शकते.

अँपिअर वाढवणं मात्र वेगळी गोष्ट. एमसीबीचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरतो, उपकरणावरून नाही. पाइपमधून गेलेल्या २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरला साधारण २० अँपिअर झेपतात. ३२ चा एमसीबी त्याच्या १.१३ पट, म्हणजे ३६ अँपिअर, तासभर वाहिले तरी न पडण्यासाठीच बनवलेला असतो. तो तासभर वायर भिंतीच्या आत तापत राहील, आणि तिचं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतच टिकणारं असतं.

तुमच्या बाबतीत मला नवा हीटर लागेल असंच दिसतं. बसवताना रबरी सीलही नवं घ्या, टबमधली बसण्याची जागा क्षार खरवडून साफ करा आणि नट बेताने आवळा. सील दबून फुगलं पाहिजे, फाटलं नाही पाहिजे. अर्थिंगची वायर हीटरच्या बॉडीला परत जोडली का, ते झाकण लावण्याआधी डोळ्यांनी बघा. घाईत सुटणारी वायर ती हीच असते. नवा हीटर बसल्यावर त्यालाही एकदा मेगर लावायला सांगा, कारण दीर्घकाळ दमट जागी पडून राहिलेला हीटर नवा असूनही गळू शकतो. मग आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का पाहा, गरम पाण्याचा पूर्ण प्रोग्रॅम रिकाम्या ड्रमने चालवा, आणि पहिल्यांदा पाणी तापत असताना सीलच्या कडेने थेंब येतोय का ते टॉर्च लावून तपासा.